कामा आणि ऑलब्लेस रुग्णालय : लाजेच्या पायावरची इमारत

आपल्या रुग्णालयाचा इतिहास सांगायला बसले की कुणीही पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीपासून सुरुवात करतो. ते साहजिक आहे. पैसे त्यांचे, पाटीवर नाव त्यांचे. मी थोडी मागे जाते, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि त्याच्या जोडीला सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय. म्हणजे १८८० च्या सुमारास या शहरात शिकलेले डॉक्टर होते, शस्त्रक्रिया होत होत्या, क्लोरोफॉर्म माहीत झाला होता. आणि त्याच शहरात माडीवरच्या एखाद्या खोलीत बाई दोन-दोन दिवस अडून पडलेली असे. घरातली सर्वांत अंधारी खोली तिला द्यायची, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, बाजेखाली शेगडी ठेवायची. विटाळाची जागा म्हणून अंथरायला-पांघरायला जुनेर. सुईण करील ते खरे. सुईणीला मी नावे ठेवणार नाही. तिच्या हाताला जे कळत असे ते पुस्तकात नव्हते, आणि रात्री-अपरात्री उठून येणारी तीच होती. पण मूल आडवे आले की तिचा इलाज संपे, आणि धुतल्यावाचून वापरलेल्या हातांनी जो ताप शिरे त्याला ‘बाळंतरोग’ म्हणून मोकळे व्हायचे, एवढेच घरच्यांच्या हाती उरे.

डॉक्टरला का बोलवायचे नाही? तो पुरुष होता, म्हणून. फार तर नवऱ्याने किंवा दिराने दवाखान्यात जाऊन लक्षणे सांगायची आणि डॉक्टरने ऐकीव माहितीवर औषध लिहून द्यायचे. अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे, पाळीचे दुखणे हे सांगणार कोण आणि कुणाला? सासूला सांगायचीच चोरी, तिथे परक्या पुरुषाची काय कथा. आपले रुग्णालय उभे राहिले ते या लाजेवर. आज हे वाचायला विचित्र वाटेल, पण बायकांनी डॉक्टर व्हावे याला तेव्हाच्या समाजाने जी मान्यता दिली ती बरोबरीच्या तत्त्वातून आलेली नव्हती. परपुरुषाने हात लावू नये, या जुन्याच नियमातून ती आली. त्या नियमाचा फायदा कसा करून घ्यायचा हे काही हुशार माणसांना उमगले, हा या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग.

त्यांतला पहिला माणूस अमेरिकन व्यापारी होता. जॉर्ज किट्रिज. १८७४ साली मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम धावू लागली, त्या खटपटीतही हे नाव भेटते. १८८२ साली इंग्लंडमधल्या डॉ. फ्रान्सिस हॉगन या बाईंनी ‘हिंदुस्थानासाठी स्त्री-डॉक्टर’ अशा विषयावर एक लेख लिहिला. तो किट्रिज यांच्या वाचनात आला आणि त्यांच्या डोक्यात घर करून बसला. त्यांनी सोराबजी शापूरजी बंगाली यांना गाठले. सोराबजी मूळचे सुधारक. १८५७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्रीबोध’ या गुजराती मासिकाशी त्यांचे नाव जोडलेले, आणि गिरण्यांतल्या मुलांच्या व बायकांच्या कामाचे तास ठरावेत म्हणूनही ते भांडलेले. १८८३ च्या आरंभी दोघांनी निधी उभारला.

निधीची उद्दिष्टे साधी आणि व्यापाऱ्याला शोभतील अशी रोखठोक होती. विलायतेहून शिकलेल्या स्त्री-डॉक्टर आणायच्या. ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे मुलींना उघडायची. आणि फक्त बायका-मुलांसाठी, फक्त बायकांच्या हाताखाली चालणारे रुग्णालय बांधायचे. धर्मप्रसाराशी निधीचा संबंध ठेवायचा नाही, हेही त्यांनी पहिल्यापासून पाळले. मिशनच्या डॉक्टरणी देशात आधीपासून काम करत होत्या आणि चांगले करत होत्या. पण औषधाच्या बाटलीबरोबर बायबल येईल या धास्तीने जी घरे दार उघडत नसत, ती उघडायची तर दवाखाना निखळ दवाखानाच असायला हवा, हे या दोघांनी ओळखले.

कॉलेजची दारे त्याच वर्षी उघडली. रुग्णालयासाठी पेस्तनजी कामा पुढे आले. लाखाहून अधिक रुपये त्यांनी देऊ केले, आणि ते त्या काळचे लाख. मात्र अट घातली की कारभार बायकांच्याच हाती राहील. सरकार बिचकले. एवढे मोठे सरकारी रुग्णालय बाईच्या हाती द्यायचे, तिच्या वर कोणी पुरुष सर्जन नाही, हे त्या काळच्या दफ्तरात बसणारे नव्हते. पत्रापत्री झाली आणि अखेर अट मान्य झाली. कामाशेठ नुसते पैसे देऊन बाजूला झाले असते तर इमारत झालीच असती, पण ती जे. जे. ची एक शाखा ठरली असती. म्हणून मी त्यांच्या देणगीपेक्षा त्यांच्या अटीला जास्त मान देते.

२२ नोव्हेंबर १८८३ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसली. ही तारीख लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर लवकरच, डिसेंबरात, डॉ. एडिथ पेची मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. ही बाई कोण, हे नीट सांगायला हवे. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला हट्टाने शिरलेल्या ज्या सात जणी, त्यांतल्या त्या एक. रसायनशास्त्रात पहिल्या आल्या तेव्हा त्या विषयाची ‘होप’ शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती. ती त्यांना नाकारून त्यांच्या खालच्या मुलाला दिली गेली, कारण उघड आहे. नोव्हेंबर १८७० मध्ये शरीरशास्त्राच्या परीक्षेला जाताना या मुलींची वाट विद्यार्थ्यांच्या जमावाने अडवली आणि त्यांच्या अंगावर चिखल फेकला. विद्यापीठाने शेवटी पदवी दिलीच नाही. पेचीबाईंनी ती १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नहून मिळवली. मग लीड्समध्ये स्वतःचा दवाखाना, चांगला चाललेला. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी किट्रिज यांना त्यांचे नाव सुचवले आणि जमलेला जम मोडून त्या इकडे आल्या.

इमारत अजून जमिनीतून वर यायची होती. तेवढ्यात जाफर सुलेमान यांच्या देणगीतून बायका-मुलांचा दवाखाना सुरू झाला आणि बाईंनी तिथे रोगी तपासायला घेतले. पहिल्याच दिवसांत गर्दी लोटली. हे दवाखान्यापुढे रांग लावून उभ्या राहिलेल्या बायकांनी स्वतः दिलेले उत्तर होते. बायका औषधाला नको म्हणतात, त्या अडाणी आहेत, असे जे म्हटले जायचे त्यात किती दम होता ते दिसले. त्यांना बाई हवी होती, आणि आता ती होती.

१८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळाली आणि वर्ष संपण्याआधी त्या क्षयाने खंगून मुंबईच्या किनाऱ्याला परत लागल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, त्यातून डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांचा आपल्या रुग्णालयाशी थेट संबंध नाही. पण ज्या दुखण्यावर हे घर बांधले गेले तेच दुखणे त्यांना समुद्रापार घेऊन गेले होते, म्हणून या वर्षाशी थोडे थांबले.

आता ती तारीख. २२ नोव्हेंबर १८६४ ही रखमाबाईंची जन्मतारीख. कोनशिला बसली त्या दिवशी या शहरातली ही मुलगी एकोणीस वर्षांची झाली. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकलमधले, वनस्पतींचे जाणकार. घरात पुस्तके, वागणे मोकळे. पण अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालेले, आणि १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला येत नाही म्हणून हायकोर्टात दावा लावला. पुढचे महाराष्ट्राला माहीत आहे. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त तिची पत्रे आली, त्यांतून बालविवाहाने शिक्षण कसे तुटते ते मुंबईने वाचले. अपिलानंतर प्रकरण फिरले आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

या सगळ्या धामधुमीत डॉ. पेची तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात तिला पाठवावे म्हणून धडपड केली, मदत गोळा केली. रखमाबाई १८८९ मध्ये गेल्या, शिकल्या, परतल्या, आणि आयुष्य सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत घालवले. रुग्णालयाच्या प्रमुखाने न्यायालयात गाजलेल्या, अर्ध्या शहराने टाकून बोललेल्या बाईची बाजू घ्यावी, हे संस्थेच्या हिताचे होते का? तेव्हाच्या शहाण्यासुरत्यांनी हा प्रश्न नक्कीच विचारला असेल. देणगीदार सगळे बड्या घरचे. त्यांतल्या किती जणांना रखमाबाई पटली असेल कोण जाणे. पेचीबाईंनी फिकीर केली नाही.

उलट १८९० मध्ये त्यांनी मुंबईच्या हिंदूंपुढे बालविवाहावर जाहीर व्याख्यान दिले. कलकत्त्यात त्याच सुमारास फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या संगाने दगावली होती आणि संमतिवयाचा वाद पेटला होता. लोकमान्यांचे म्हणणे होते की सुधारणा आपल्या आपण करू, परक्या सरकारने हात घालू नये. मलबारी, रानडे यांचे म्हणणे दुसरे. हा सगळा वाद पुरुषांमध्ये चालू होता, शास्त्रार्थ काढून, दाखले देऊन. त्यात ५५ स्त्री-डॉक्टरांनी सरकारला अर्ज केला आणि स्वतः पाहिलेल्या मुलींच्या जखमा लिहून दिल्या. कुणाची कंबर मोडली, कुणी पांगळी झाली, कुणी गेली. हे लिहायला जे डोळे लागत होते ते फक्त बायकांच्या दवाखान्यातच होते. १८९१ मध्ये कायदा झाला आणि संमतीचे वय दहाचे बारा झाले. दहाचे बारा! पण तेवढ्यासाठीही मुलीच्या अंगाला झालेली इजा कुणीतरी कागदावर उतरवावी लागली. ज्या लाजेने बायकांना डॉक्टरांपासून दूर ठेवले, त्याच लाजेने बांधलेल्या भिंतींच्या आत त्या लाजेचा हिशेब लिहिला जाऊ लागला.

पेचीबाईंनी १८८९ मध्ये हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले. दारूचे व्यापारी, पण जीव सगळा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. सोसायटीचा संसार कितीतरी वर्षे त्यांच्या दुकानात होता. (सखाराम अर्जुनही त्या सोसायटीच्या संस्थापकांपैकी. मुंबई तेव्हा किती लहान होती!) पुढे मधुमेहाने बाईंची तब्येत ढासळली आणि रुग्णालयाचे काम सोडावे लागले, तरी प्लेगच्या दिवसांत त्या घरी बसल्या नाहीत. नाशिकजवळ दोघांनी आरोग्यधाम उभे केले. १९०५ मध्ये इंग्लंडला परत गेल्यावर १९०७ च्या फेब्रुवारीत बायकांच्या मताधिकारासाठी लंडनमध्ये निघालेल्या मोर्चात त्या चालल्या. पावसाने रस्त्यावर इतका राडा झाला होता की इतिहासात तो ‘चिखलाचा मोर्चा’ म्हणूनच राहिला. छत्तीस वर्षांपूर्वी अंगावर फेकलेला चिखल, आणि आता स्वतःहून तुडवलेला. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

मधली वर्षे भरभर सांगते. बोमनजी एदलजी ऑलब्लेस यांच्या देणगीतून शेजारी प्रसूतिगृह झाले, म्हणून आपले नाव जोडनाव. परिचारिकांचे शिक्षण पेचीबाईंच्याच काळात सुरू झाले होते. डॉ. ॲनेट बेन्सन यांनी दीर्घकाळ रुग्णालय सांभाळले आणि देशभरच्या स्त्री-डॉक्टरांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. बायकांना सरकारी वैद्यकीय नोकरीत स्वतंत्र आणि मानाची जागा मिळावी, हा त्यांचा लकडा.

बेन्सनबाईंची खरी कमाई मात्र वेगळीच आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एक आजारी मुलगी इथे दाखल होती. तिची अकरा-एक वर्षांची धाकटी बहीण रोज बघत होती की ही गोरी डॉक्टर काय करते. बहीण बरी झाली. धाकटीने ठरवले की आपण डॉक्टर व्हायचे, आणि नुसते डॉक्टर नाही, याच रुग्णालयाचे प्रमुख व्हायचे.

ती जेरुशा झिराड. अलिबागजवळ झिराड नावाचे गाव आहे, त्यावरून आडनाव. घराणे बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. जेरुशाबाई पुण्यात शिकल्या, १९१२ मध्ये ग्रँट मेडिकलमधून डॉक्टर झाल्या. विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मागितली तर ती स्त्रियांसाठी नाही असे कळले. टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर त्या निघाल्या. नंतर सरकारलाही हात सैल सोडावा लागला. १९१९ मध्ये लंडनची प्रसूतिशास्त्रातली एम. डी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या आपल्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. या खुर्चीवर बसलेली पहिली भारतीय स्त्री. १९४७ पर्यंत ती खुर्ची त्यांची होती.

मुंबई तोवर बदलली होती. गिरणगावच्या चाळींतून येणाऱ्या बायका या आता रुग्णालयाच्या गिऱ्हाईक. दिवस भरेपर्यंत साच्यावर उभे राहायचे, बाळंत झाले की चार दिवसांत परत, नाहीतर पगार बुडतो. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली आणि १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. लाजेने डॉक्टरकडे न येणाऱ्या बाईपेक्षा वेळ नाही म्हणून न येणारी बाई आता जास्त दिसू लागली.

झिराडबाईंचे मोठेपण इथे आहे. आलेल्या रोग्याला बरे करणे हे तर होतेच. त्यांनी विचारले की न आलेल्या कशाने मेल्या? १९३० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुंबई शहरातल्या मातांच्या मृत्यूंची चौकशी हाती घेतली आणि १९४१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे काम केवढे किचकट! मृत्यूच्या वहीत ‘ताप’ लिहिले की आठवड्यापूर्वी बाळंत झालेली बाई त्या तापात हरवून जाते. ‘अशक्तपणा’ लिहिले की रक्त पाण्यासारखे पांढरे झालेली गर्भार बाई हरवते. त्या बाईला वहीतून शोधून काढायचे, ती कुणाच्या हातून बाळंत झाली, किती उशिरा कुणाला बोलावले, पोटात आधी काय गेले होते हे विचारत जायचे, आणि मग सांगायचे की हा मृत्यू टळण्यासारखा होता की नव्हता. जंतुदोष, झटके, रक्तस्राव, रक्तक्षय. यांतले जवळजवळ सगळे टळण्यासारखेच. सल्फाची औषधे नुकती आली होती, पेनिसिलिन यायचे होते. पण बाळंतपणाआधी बाई एकदा तरी तपासली जावी याला कुठल्याच नव्या औषधाची गरज नव्हती.

२०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, असे सरकारी नमुना नोंदणी सांगते. आज आपल्या रुग्णालयात एखादी माता गेली तर तिच्या मृत्यूची छाननी होते, कागद भरले जातात, उशीर कुठे झाला ते विचारले जाते. नव्या डॉक्टरांना ती कटकट वाटते. त्या कागदांची पणजी याच इमारतीत बसून वही चाळत होती, एवढे त्यांना सांगावेसे वाटते.

१९५० मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद झिराडबाईंकडे आले. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्न त्यांनी केले नाही. किती बाळे त्यांच्या हातून जगात आली याची गणती कुणी ठेवली असेल तर मला पाहायला आवडेल. माझ्या आईचे दुसरे बाळंतपण, म्हणजे मी, त्यात बसत नाही, मी बरीच उशिरा इथे जन्मले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ अनेकांच्या आठवणीतला आहे आणि या स्मरणिकेत त्यावर इतर लेख आहेत. एक रात्र मात्र इतिहासातच यायला हवी.

२६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून दोन अतिरेकी गल्लीतून मागच्या बाजूने आपल्या आवारात शिरले. दोन पहारेकरी तिथेच पडले. पोलीस अधिकारी सदानंद दाते आपल्या माणसांसह वर चढले, जखमी होऊनही लढत राहिले. बाहेर, रुग्णालयाला लागून असलेल्या रस्त्यावर हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. हे सगळ्यांनी वाचले आहे.

त्या वेळी प्रसूतिपूर्व कक्षात वीस गर्भार बायका होत्या आणि ड्यूटीवर परिचारिका अंजली कुलथे. त्यांनी कक्षाची जाड दारे ओढून लावली. वीसही जणींना शेवटच्या टोकाच्या लहानशा खोलीत, पँट्रीत नेले. दिवे मालवले. गोळ्यांचे, हातबॉम्बचे आवाज येत होते आणि त्या अंधाऱ्या, बंद खोलीत कुणी हुंदकाही काढायचा नव्हता. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या. रक्तदाब वाढलेला, खोलीत बाळंतपण करणे धोक्याचे. कुलथे यांनी तिचा हात धरला, भिंतीला चिकटून एकेक पाऊल टाकत तिला प्रसूतिकक्षापर्यंत पोचवले, आणि बाळ सुखरूप झाले. मग त्या उरलेल्या एकोणीस जणींजवळ परत आल्या आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.